चालू खेळात शिरायचं कसं? मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मुलाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेपाच वर्षांचा. घरी तासन्तास एकटा रमतो, ठोकळ्यांचे पूल बांधतो, स्वतःशीच गोष्टी सांगतो. मैदानावर नेलं की मात्र कडेला उभा राहून बाकीच्यांचा खेळ बघत राहतो. तुम्ही शिकवलंत तसं पुढे जाऊन ‘मला खेळायला घेता का?’ विचारतो, ‘नाही’ ऐकतो आणि रडवेला होऊन तुमच्याकडे येतो. मग तुम्ही नवा बॉल आणून दिलात. मुलं बॉल घेऊन खेळली आणि हा पुन्हा कडेला. आता तुम्ही विचारताय की याला मैत्री करायला कसं शिकवू, हा लाजाळू आहे का, आणि एखाद्या क्लासला घालू का.

लहान मुलांच्या खेळघरात मी बरीच वर्षं काम करते आहे. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की या मुलाला मैत्री जमत नाही असं म्हणायची घाई करू नये. तो अडतोय ती जागा फार नेमकी आहे: आधीच रंगात आलेल्या खेळात बाहेरून शिरणं. हे कौशल्य वेगळं आहे, ते शिकता येतं, आणि ‘मला घेता का?’ हा त्यातला सगळ्यात कठीण रस्ता आहे. असं का ते पुढे सांगते.

त्याआधी, परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी. कडेला उभा असताना तो नेमकं काय करतो, हे तुम्ही दोन-चार दिवस नुसतं बघा. काही मुलांची नजर खेळावर खिळलेली असते. कोण आउट झालं, आता कुणावर राज्य आहे, सगळं त्यांना माहीत असतं, आणि घरी येऊन तोच खेळ ती एकट्यानं खेळून बघतात. ही मुलं आत जायला आसुसलेली असतात. काही मुलं मैदानावरही आपल्याच नादात असतात, खडे गोळा करतात, मुंग्यांमागे फिरतात आणि खुशीत घरी येतात. त्यांना एकटं खेळणं मनापासून आवडतं आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. तिसऱ्या प्रकारच्या मुलांचं अंग आखडलेलं असतं, कुणी जवळ आलं की ती मागे सरकतात, बघतात पण चेहऱ्यावर भीती असते. केनेथ रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी हा फरक वर्षानुवर्षं अभ्यासला: एकटेपणा आवडणं वेगळं आणि जावंसं वाटूनही न जाता येणं वेगळं. तुमचा मुलगा स्वतः जाऊन विचारतो आणि नकाराचं त्याला वाईट वाटतं, म्हणजे तो बहुधा पहिल्या गटातला आहे. पुढचं सगळं मी तसं धरूनच लिहिते आहे.

शिवाय तो गट किती जुना आहे, मुलं याच्याहून किती मोठी आहेत, तुम्ही त्या भागात नवे आहात का, आणि तिथे कल्पनेचे खेळ चालतात की नियमांचे, यानेही बराच फरक पडतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा जमलेला गट साडेपाच वर्षांच्या नवख्याला सहजी घेत नसेल, तर त्यात तुमच्या मुलाची काही उणीव नाही.

आता या वयातल्या मैत्रीबद्दल. मोठ्यांच्या मनात क्रम असा असतो की आधी ओळख, मग मैत्री, मग एकत्र काही करणं. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा क्रम बरोबर उलटा असतो. ‘तो तुझा मित्र का?’ असं विचारा, उत्तर येतं, ‘कारण आम्ही खेळतो.’ विल्यम कॉर्सारो हे समाजशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या एका बालशाळेत महिनोन्‌महिने मुलांबरोबर जमिनीवर बसून त्यांचे खेळ टिपत होते. मुलं खेळता खेळता एकमेकांना ‘आपण मित्र आहोत ना?’ असं सारखं विचारतात, हे त्यांच्या लक्षात आलं. बहुतेकदा त्याचा अर्थ असतो, ‘आपण दोघं या खेळात आहोत ना? हा चालू राहणार ना?’ म्हणून ‘जा, मित्र कर’ असं सांगितलं तर या वयाच्या मुलाला नेमकं काय करायचं ते कळतच नाही. ‘जा, ते काय खेळताहेत ते नीट बघून ये आणि मला सांग’ हे मात्र त्याला लगेच कळतं.

आणि बघणं हे वाया गेलेलं नसतं. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांच्या मोकळ्या खेळाचे प्रकार मांडले: नुसतं इकडेतिकडे असणं, एकट्यानं खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघणं, शेजारी बसून तसंच पण आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं आणि शेवटी कामं वाटून घेऊन एकत्र खेळणं. पुढे अनेकांनी ही वयाप्रमाणे चढायची पायरीच मानली. माझ्या खेळघरात एकच मूल हे सगळे प्रकार एका संध्याकाळी करतं. त्यातलं ‘शेजारी बसून आपापलं’ हे फार कामाचं. रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली या संशोधकांनी १९८० साली दाखवलं की मुलं बरेचदा या शेजार-खेळातूनच काही क्षणांत एकत्र खेळात सरकतात. म्हणजे बघणं, मग शेजारी जाऊन तेच करणं, मग आत. तुमचा मुलगा पहिली गोष्ट उत्तम करतो. मधली गाळून तो थेट दारावर थाप मारतो आणि तिथे फसतो.

‘मला घेता का?’ला नकार का येतो? जरा आतल्या मुलांच्या बाजूनं विचार करा. खेळ ही त्यांनी मोठ्या मेहनतीनं उभी केलेली गोष्ट असते. कोण आई, कोण बाळ, कुठली रेघ म्हणजे नदी, हे सगळं बोलून, भांडून ठरलेलं असतं, आणि ते फार नाजूक असतं. कुणाला घरून हाक आली, कुणी मध्येच रुसलं की सगळं मोडतं. कॉर्सारो यांना हेच दिसलं: मुलं नव्याला अडवतात तेव्हा बहुतेकदा ती आपला खेळ सांभाळत असतात. पहिल्या प्रयत्नाला नकार मिळणं तिथे अगदी रोजचं होतं, आणि जी मुलं जवळपास राहून पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं येत, त्यांना बरेचदा जागा मिळे. हे तुमच्या मुलाला सांगण्यासारखं आहे. ‘नाही’चा अर्थ ‘तू आम्हाला आवडत नाहीस’ असा नसतो, बरेचदा ‘आत्ता आमचं जमलंय, मोडू नकोस’ एवढाच असतो.

त्यातून ‘मला घेता का?’ या प्रश्नानं खेळ थांबतो. सगळ्यांनी हातातलं सोडून याच्याकडे बघायचं, कुणीतरी मालक होऊन निर्णय द्यायचा, आणि याला घेतलं तर याला काय करायला सांगायचं तेही शोधायचं. एवढ्या कामापेक्षा ‘नाही’ म्हणणं सोपं. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली शाळकरी मुलांचं बारीक निरीक्षण केलं. वर्गात फारशी न आवडणारी मुलं चालू खेळाजवळ आली की स्वतःबद्दल बोलत, प्रश्न विचारत, आपलं मत मांडत, ‘असं नसतं’ म्हणून चुका काढत. म्हणजे सगळ्यांचं लक्ष खेळावरून स्वतःकडे ओढत. वर्गाला आवडणारी मुलं आधी काय चाललंय ते ओळखत आणि त्यात बसेल असंच काहीतरी करत किंवा बोलत.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. खेळघरात तिघांनी एक टेबल उलटं करून त्याची बोट केली होती. एक कॅप्टन, एक मागे वल्ही मारणारा, एकीच्या हातात दुर्बीण. एक मुलगी, सहाला थोडी कमी, खांबाला टेकून बराच वेळ बघत होती. मग एक ट्रे घेऊन ती बोटीपासून हातभर अंतरावर बसली आणि स्वतःशीच वल्ही मारायला लागली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही आणि तिनंही कुणाला हाक मारली नाही. थोड्या वेळानं ती टेबलाच्या एका कोपऱ्याकडे बघून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, ‘इथनं पाणी आत यायला लागलंय.’

कॅप्टन वळला. ‘कुठनं?’

‘इथनं. माझ्याकडे डबा आहे, मी काढते.’

‘काढ, काढ! लवकर काढ, मगर येतेय!’

झालं, ती बोटीत होती. तिचं नाव काय हे कॅप्टननं बऱ्याच वेळानं विचारलं, तेही मगरीपासून सावध करायला हाक मारायची होती म्हणून. आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती दोघं आल्या आल्या एकमेकांना शोधत.

त्याच बोटीजवळ त्याच सकाळी एक मुलगा आला होता. त्यानं आल्या आल्या सांगितलं, ‘मी कॅप्टन.’ ‘कॅप्टन आहे आमच्याकडे,’ असं उत्तर मिळालं. मग तो म्हणाला, ‘ही बोट नाहीच आहे, हे टेबल आहे.’ त्यानंतर तिघांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मुलगा वाईट नव्हता, त्यालाही खेळायचंच होतं. पण त्यानं भरलेली जागा मागितली आणि मग खेळाचा पायाच नाकारला. त्या मुलीनं आधी बघून घेतलं होतं की कॅप्टन ठरलेला आहे, वल्ही ठरलेली आहेत. तिनं कुणाचंच काही घेतलं नाही. खेळाला लागणारी एक अडचण आणली आणि ती सोडवायचं काम स्वतःकडे घेतलं.

तुमच्या मुलाला शिकवायचं ते हेच: बघ, शेजारी जा, तेच कर, आणि मग खेळाच्या भाषेत एखादी उपयोगाची गोष्ट बोल. दवाखाना चालू असेल तर ‘मला घेता का?’च्या जागी ‘डॉक्टर, माझा हात मोडलाय.’ रुग्ण कुठल्याही दवाखान्याला हवेच असतात! घर-घर चालू असेल तर दारात जाऊन ‘पत्र आलंय.’ रस्ता बांधत असतील तर एक दगड नेऊन ‘हा इथे बसतो का?’

नियमांच्या खेळात शिरायची तऱ्हा वेगळी आहे. तिथे डाव चालू असताना कुणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. आत शिरायची वेळ म्हणजे दोन डावांच्या मधली. तोवर करण्यासारखी कामं असतात: लांब गेलेला बॉल आणून देणं, गुण मोजणं, चांगल्या फटक्याला ओरडणं. आणि डाव संपला की, ‘पुढच्या डावाला राज्य मी घेतो.’ राज्य कुणालाच नको असतं. ते आपणहून घेणाऱ्याला परत पाठवलेलं मी फार क्वचित पाहिलं आहे. फक्त रोज याच्यावरच राज्य येतंय का, एवढं लांबून बघा. आणि मोठ्या मुलांनी लिंबूटिंबू म्हणून घेतलं तर त्याला कमीपणा वाटू देऊ नका. आउट न होता खेळ आतून बघायला मिळतो, हे नवख्याच्या फायद्याचंच आहे.

याचा सराव घरी करा, पण धडा म्हणून नको, खेळ म्हणून. घरातली दोन माणसं ‘चालू खेळ’ व्हा आणि तो येऊन शिरू दे. मग उलट करा: तो आणि दुसरं कुणी खेळू दे आणि तुम्ही मुद्दाम चुकीचं शिरा. ‘मी कॅप्टन!’ म्हणत या. मुलांना मोठ्यांच्या चुका दुरुस्त करायला फार आवडतं, आणि ‘असं नाही, आधी बघायचं’ हे त्याच्याच तोंडून आलं की ते पक्कं बसतं. नकाराचाही सराव करा. ‘नाही’ ऐकलं की ‘बरं’ म्हणायचं, तिथेच थोडं लांब काहीतरी खेळत राहायचं आणि जरा वेळानं वेगळ्या तऱ्हेनं पुन्हा बघायचं, किंवा दुसऱ्या घोळक्याकडे जायचं. रडत तुमच्याकडे येणं आणि नुसतं थोडं मागे सरकणं यात त्या गटाच्या लेखी फार फरक आहे. मागे सरकलेला मुलगा अजून तिथलाच असतो.

आता बॉलबद्दल. तुमचा हेतू मी समजू शकते, बहुतेक आईवडील हेच करतात. पण मुलांना हवा असतो तो बॉल, तो आणणारा नव्हे. बॉल मिळाला की आणणाऱ्याचं काम संपतं. मग त्याच्या हातात एकच हत्यार उरतं, ‘माझा बॉल आहे, मी घेऊन जाईन,’ आणि ते वापरलं की लोक त्याला टाळायला लागतात. काही द्यायचंच असेल तर जे एकट्याला पुरत नाही आणि अनेकांना सामावतं ते द्या. लांब दोरी, जिचं दुसरं टोक कुणीतरी धरावंच लागतं. किंवा खडूचे जाड तुकडे. जमिनीवर त्याला मोठा रस्ता काढायला घ्या, वळणं, पूल, सिग्नल. हा तर घरी पूल बांधणारा मुलगा आहे! कडेला उभं राहण्याऐवजी तो स्वतःच एक बघण्यासारखा खेळ घेऊन बसेल. मग बघायला येतील ती दुसरी मुलं, आणि आत घ्यायचं काम याच्याकडे असेल. लांबून पाहणाऱ्या मुलांसाठी मला हा उपाय सगळ्यांत जास्त आवडतो, कारण त्यात मुलाला स्वतःच्या आवडीपासून तुटावं लागत नाही.

तुम्ही तिथे काय करावं? पाठीवर हात ठेवून पुढे ढकलू नका, आणि ‘याला पण घ्या रे’ असं मुलांना सांगू नका. तुम्ही बघताय तोवर ती घेतील आणि तुम्ही वळलात की विसरतील, आणि याला ते कळेल. त्याऐवजी त्याच्याबरोबर रस्ता काढायला बसा, दुसरं एखादं मूल आलं की त्याला खडू द्या, दोघांचं थोडं बोलणं सुरू झालं की तुम्ही तुमच्या पोटरीत कळ आल्याचं सांगून बाकावर जाऊन बसा. शाळेत गोष्ट वेगळी असते. शिकागोतल्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात ‘तुला खेळायला घेणार नाही, असं म्हणायचं नाही’ असा नियमच केला होता आणि मुलांशी त्यावर भरपूर चर्चा केली होती. वर्गात रोज तेच मोठं माणूस असतं, म्हणून असा नियम तिथे धरून ठेवता येतो. मैदानावर तो लादता येत नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट सुरू करा, आणि माझ्या अनुभवात खरी मैत्री बहुतेकदा इथे जमते: एका वेळी एकच मूल घरी बोलावणं. फ्रेड फ्रँकेल या मानसशास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मुलांना मैत्रीची कौशल्यं शिकवायचा जो कार्यक्रम चालवला, त्यातही अशा एकास-एक खेळभेटींवर भर होता. कुणाला बोलवायचं हे तुमच्या ओळखीवर ठरवू नका. तुमचा मुलगा कुणाकडे सारखं बघतो आणि कुणाचे खेळ याच्या खेळांसारखे आहेत, यावर ठरवा. भेट लहान ठेवा. त्याला जी खेळणी वाटून घेणं अजिबात सहन होणार नाही ती आधीच त्याच्याबरोबर कपाटात ठेवा. टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बंद. आणि खेळ रंगात असतानाच भेट संपवा. मुलांना दमेपर्यंत खेळू दिलं तर शेवटची आठवण भांडणाची राहते.

दोघं घरी खेळत असताना काय घडतं ते जरा कान देऊन ऐका. जॉन गॉटमन यांनी तीन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या जोड्या घरी खेळत असताना त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. ज्या अनोळखी मुलांचं एकमेकांशी जमलं, त्यांच्यात काही गोष्टी वारंवार दिसल्या: एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचं बोलणं जोडून येणं, एकमेकांची माहिती घेणं, दोघांनाही जमेल असं काहीतरी करायला सापडणं, आणि मतभेद झाले तर ते निभावणं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी टिपलेलं वरखाली होणं. सोप्या खेळावरून अवघड खेळावर चढणं आणि बिनसायला लागलं की पुन्हा खाली उतरणं.

हे मी रोज बघते. दोन मुलं शेजारी बसून रंगवत असतात. ‘मी निळा घेतला.’ ‘मी पण निळा.’ यात काहीच धोका नाही, कुणी कुणावर अवलंबून नाही. मग एकजण म्हणतो, ‘हा माझा समुद्र.’ दुसरी म्हणते, ‘माझ्या समुद्रात शार्क आहे.’ आता गोष्ट सुरू झाली. ‘शार्क तुझ्या कागदावर आली!’ आता तर दोघांची मिळून एकच गोष्ट झाली, आणि ती टिकवायला दोघांनी एकमेकांचं मानायला हवं. ती उठून शार्क होते, तो किंचाळत पळतो. दोन मिनिटं धमाल. मग त्याला खरंच भीती वाटते. ‘नको, शार्क नको.’ इथे खेळ मोडू शकतो. पण ती शार्क थांबते, बसते आणि म्हणते, ‘मी आता पिवळा घेते.’ तोही बसतो. ‘मी पण पिवळा.’

हे खाली उतरणं बाहेरून मागे जाण्यासारखं दिसतं. खोलीत आलेली आई बघते तर दोघं गप्प बसून आपापलं रंगवताहेत, आणि ती म्हणते, ‘अरे, एकत्र खेळा ना!’ तिथे काही बोलू नये. नातं न तोडता खेळ हलका करणं हे त्या मुलांनी केलेलं फार शहाणपणाचं काम असतं. थोड्या वेळानं ती आपणहून पुन्हा वर चढतात, बहुतेकदा आधीपेक्षा जास्त. ज्या मुलांना चढता येतं पण उतरता येत नाही, त्यांच्या भेटी रडण्यात संपतात. म्हणून मी पालकांना सांगते की भेटीच्या वेळी कागद-रंग किंवा ठोकळे असं काहीतरी कायम एका बाजूला मांडून ठेवा. दोघांनाही परत यायला जागा राहते.

भांडणं होतीलच. विलार्ड हार्टप हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली बालशाळेतल्या मुलांच्या भांडणांचा अभ्यास केला. मित्रांची भांडणं इतरांच्या भांडणांपेक्षा संख्येनं कमी नव्हती. फरक होता तो धारेत आणि शेवटात. मित्रांची भांडणं कमी तीव्र होती, त्यांत एकजण बाजूला होऊन विषय सोडून द्यायचा, निकाल बरोबरीचा लागायचा, आणि भांडणानंतरही ती एकमेकांजवळच राहायची. म्हणून ‘आज कट्टी झाली’ ऐकलं की घाबरू नका. कट्टी घेणाऱ्यांना एकमेकांची पर्वा असते. तुम्ही न्यायाधीश होऊ नका, ‘कुणी आधी मारलं’च्या चौकशीत खेळ मरतो. मी एवढंच म्हणते, ‘पूल एकच आहे आणि दोघांनाही गाडी न्यायची आहे. आता काय करायचं?’ आणि थांबते. थांबणं कठीण जातं, पण बहुतेकदा उत्तर मुलंच काढतात, आणि ते मोठ्यांना सुचलं नसतं असं असतं.

धिंगामस्तीचं भांडण आणि खरं भांडण यात गल्लत होते, तेवढं ओळखायला शिका. मस्तीत चेहरा हसरा असतो, हात उघडा असतो, जोर राखून लावलेला असतो, कधी हा वर कधी तो वर असतं, आणि संपलं की दोघं एकत्रच राहतात. खऱ्या मारामारीत मुठी वळतात, चेहरा ताणतो, एकच सारखा खाली असतो आणि संपल्यावर दोघं वेगवेगळ्या दिशांना जातात. एकट्यानं खेळायची सवय असलेली मुलं मस्तीला हल्ला समजून रडतात किंवा उलटून खरंच मारतात. घरी तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी गादीवर थोडी कुस्ती खेळलात, ‘थांब’ म्हटलं की लगेच थांबायचं हा नियम ठेवून, तर त्याला हे चेहरे वाचता यायला लागतात.

क्लासचं म्हणाल तर मैत्रीसाठी म्हणून घालू नका. जिथे मोठं माणूस सतत सूचना देतं तिथे मुलांना आपसांत ठरवायला काही उरतच नाही. त्याला एखादी गोष्ट आवडते म्हणून घालायचं असेल तर जरूर घाला, आणि क्लासच्या आधी-नंतरची पंधरा मिनिटं घाईनं उचलून आणू नका. मैत्रीच्या दृष्टीनं तीच कामाची असतात.

लाजाळू आहे का, याचंही उत्तर राहिलं. असेलही. हळूहळू रुळणारी मुलं असतात, तो स्वभाव आहे. तो बदलायचा नसतो, त्याला वेळ पुरवायचा असतो. मैदानावर गर्दी जमण्याआधी पोहोचा, दोनच मुलं असताना. घोळक्यात शिरण्यापेक्षा दोघांत तिसरा होणं सोपं, आणि मागून येणाऱ्यांना तो आधीपासून तिथलाच वाटतो. त्याच्यासमोर ‘हा जरा लाजाळू आहे’ असं इतरांना सांगणं मात्र आजपासून बंद करा. आणि त्याला पुष्कळ मित्र हवेत असं धरून चालू नका. वर्गात लोकप्रिय असणं आणि एक पक्का मित्र असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याच मुलांना एक पुरतो.

घरी आल्यावर ‘आज मित्र मिळाला का?’ विचारू नका. त्याला परीक्षेचा निकाल दिल्यासारखं वाटतं. ‘आज तिथे काय खेळ चालला होता?’ विचारा. त्याच्या वर्णनातून तुम्हाला कळेल की तो किती बारकाईनं बघतो, आणि उद्यासाठी एखादी रिकामी जागाही दोघांना मिळून शोधता येईल.

काही वेळा मात्र एवढ्यावर थांबू नये. एखादं मूल ठरवून बाकीच्यांना ‘याला घ्यायचं नाही’ म्हणून बांधून ठेवत असेल, याला नावं ठेवली जात असतील, तर तो शिरण्याच्या कौशल्याचा प्रश्न नाही. तिथे मोठ्यांनी मध्ये पडायला हवं, शाळेत असेल तर बाईंशी बोलायला हवं. तो आधी खेळायचा आणि अलीकडे अचानक मागे राहायला लागला असेल, मैदानाच्या नावानं पोट दुखत असेल, किंवा घरी एक-एक मूल बोलावूनही काही महिन्यांत काहीच हलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना भेटा. दुसऱ्याचा खेळ काय चाललाय हेच त्याला उमगत नसेल, कल्पनेचे खेळ तो कधीच खेळत नसेल, बोलणं वयाच्या मानानं मागे असेल, तर वाट न बघता भेटा. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, उलट तो स्वतःशी गोष्टी सांगतो हे चांगलं लक्षण आहे. एक साधी गोष्ट मात्र करून घ्या, त्याचे कान तपासून घ्या. सर्दीनं कानात पाणी साचून या वयात थोडं कमी ऐकू येणं बरंच आढळतं. घरातल्या शांततेत ते लक्षात येत नाही, पण मैदानावरच्या गोंगाटात ‘पळ!’ आणि ‘थांब!’ वेळेवर ऐकू आलं नाही तर कुठल्याही मुलाला खेळात टिकणं अवघड जातं.